सरकीच्या ढिगाखालचा खून आणि शिल्लक राहिलेला एक वाचक

अमळनेर,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप कुंदाअक्का हिच्या पायांवर धाकट्या शालिग्रामचं डोकं.

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी आता वाचायला परवानगी दिली, असं सूनबाई मोहिनीने कळवलं. फार आनंद झाला. थेंब वेळेवर घालत जा आणि काळा चष्मा काढू नकोस, सोनगीरला हायवेची धूळ फार. इकडे दिपमालाची कंबर होती तशीच आहे. माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे झोप येत नाही, जेवण जात नाही आणि माणसांचा वीट आला आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस, आणि तुझ्या पोटात काही असलं तर ते 'हॅलो'च्या आधी बाहेर येतं. (राग मानू नकोस. सगळ्या घराला हे माहीत आहे.) आज सकाळी शेजारचा ज्ञानेश्वर तुमच्या गावी सासुरवाडीला निघाला होता, त्याच्याबरोबर माझी नवी कादंबरी आणि दिपमालाने पापडासारखे पातळ थापून वाळवलेले ज्वारीचे बिबडे पाठवले आहेत. बिबडे तळून खा. कादंबरीचं काय झालं ते आता सांगतो.

जिनिंगच्या ऑफिसात तीस वर्षं गेटपास लिहून मी रिटायर झालो आणि जळगावच्या रहस्यकथा लेखक मंडळाचा सभासद झालो, हे तुला ठाऊक आहेच. मंडळात अकरा लेखक आहेत, आणि वाचकही तेच अकरा. अध्यक्ष रतिलाल, ज्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या सव्वीस कादंबऱ्या छापून झाल्या, आणि सव्वीसही कादंबऱ्यांत प्रेताजवळ जो आधी चहा घेऊन येतो तोच खुनी निघतो. दुसरे सुकदेव, एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर. यांचं सगळं रहस्य गाड्यांच्या वेळांवर. मागच्या वर्षी वेळापत्रक बदललं आणि त्यांच्या तीन कादंबऱ्यांतले खुनी निर्दोष ठरले. (त्यांनी डेपोत जाऊन तक्रार दिली. खरंच दिली.) सर्वांत नवी ती चेलना. ती मोबाइलवर रोज एक प्रकरण टाकते, खुनी कोण असावा यावर वाचकांची मतं घेते आणि ज्याला जास्त मतं पडतील त्याच्या हातात सुरा देते. तिला चाळीस हजार वाचक आहेत. मला एक हवा होता, अक्का.

मंडळाची एक रीत आहे. नवी कादंबरी सगळ्यांसमोर वाचायची, पण शेवटचं प्रकरण पाकिटात बंद करून टेबलावर ठेवायचं. मग प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि त्यानंतर पाकीट फोडायचं. निम्म्यांहून जास्त चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तर पुस्तक परत लिहायचं. आजवर मंडळात कोणाचंच पुस्तक पहिल्या फेरीत सुटलेलं नाही, रतिलालचं तर चौथ्या फेरीतही नाही. माझ्या 'सरकीच्या ढिगाखाली'चं वाचन लागोपाठ पाच रविवार चाललं. जिनिंग तीच, जिथे मी तीस वर्षं बसलो. मालक, मुनीम, वजनकाट्यावरची बाई, वर भाड्याने राहणारे प्रोफेसर, सगळे आपल्या डोळ्यांसमोरचे. पाकीट फोडलं तेव्हा एकही चिठ्ठी बरोबर नव्हती. सात जणांनी मुनीम लिहिला होता. मला वाटलं, आता लोक मला मिठी मारतील. रतिलाल चष्मा पुसत म्हणाले की कोणालाच ओळखता आलं नाही याचा अर्थ लेखकाने वाचकाला फसवलं, आणि सुकदेवांनी मान डोलावली. घरी येताना गाडीत मी एकटाच हसत होतो, आणि समोरच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

तुला आठवतं का, वाचनालयातून मी त्या पातळ रहस्यकथा आणायचो? तुला आधी शेवटचं पान वाचायची खोड. मी ओट्यावर बसून श्वास रोखून वाचत असायचो, आणि तू चुलीजवळून ओरडायचीस, "शाल्या, खून मामानी करेल शे, आते जेवी ले." मी जेवायचो, पण रडत जेवायचो. तेव्हापासून मनात होतं, एक दिवस असं पुस्तक लिहीन की वाचणारा शेवटच्या पानापर्यंत अंधारात चाचपडत जाईल आणि मग दिवा लागेल. त्या एका दिव्यासाठी मी चार वर्षं घासली आहेत.

पुस्तकाचा प्रकाशन समारंभ गेल्या महिन्यात जळगावला झाला. तुझं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं म्हणून तू आली नाहीस. (देवाने तुला वाचवलं.) पाहुणे म्हणून फैजपूरचे प्रेमराजभाऊ, केळीचे मोठे व्यापारी. माणूस दिलदार, हॉल आणि चहा त्यांच्याकडून होता. पुस्तक त्यांना रतिलालने आठ दिवस आधी पोचवलं होतं. दीडशे माणसं जमली होती, दारापाशी टेबलावर पुस्तकांच्या थप्प्या लावल्या होत्या. प्रेमराजभाऊ उभे राहिले, माझ्या गळ्यात हार घातला आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "वेळेअभावी मी पूर्ण पुस्तक वाचू शकलो नाही, महत्त्वाचं तेवढं गाडीत वाचलं. खून त्या व्यक्तीने केला हे वाचून मला जबरदस्त धक्का बसला. तो धक्का तुम्हा सर्वांना बसावा, अशी माझी इच्छा आहे." 'त्या व्यक्ती'च्या जागी त्यांनी नाव घेतलं होतं. दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा माइक खरखरला.

टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात आपल्या मंडळाच्या रांगेतून झाल्या. लोक चहा घेऊन टेबलाजवळ आले, मुखपृष्ठ उलटंसुलटं करून पाहिलं आणि एक गृहस्थ मला सांत्वन केल्यासारखं म्हणाले की आता कळलंच आहे तर उगीच कशाला घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तिचा मथळाच खुन्याचं नाव. अमळनेरला उतरलो तर सगळ्या गावाला खुनी ठाऊक, आपला दूधवालाही म्हणाला, "बठ्ठासले माहीत शे, नाना." दिपमाला म्हणाली, बरं झालं कळलं, आता वाचायला नको. चार वर्षं हिच्या शेजारी बसून लिहीत होतो, अक्का. माझ्या घरातही मला वाचक नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी तपास केला. आयुष्यात पहिल्यांदा खरा. प्रेमराजभाऊंच्या ड्रायव्हरला चहा पाजला तेव्हा तो म्हणाला, पुस्तकात लाल दोरा घातलेला होता, साहेबांनी तेच पान उघडलं. दोरा होता बरोबर शेवटच्या प्रकरणात. पुस्तक पोचवलं कोणी? रतिलालने. दुकान कशाचं? कापडाचं. दोरा कोणाकडे असणार? मी हे सगळं मंडळाच्या ग्रुपवर मुद्देसूद लिहिलं, रतिलाल सत्ताविसावी कादंबरी लिहीत नाहीत, जगत आहेत, असंही लिहिलं, आणि ग्रुप सोडला. सोडण्याआधी सुकदेवांनी अंगठा दाखवला, तो कोणत्या बाजूने ते समजलं नाही. आता मंडळ नको, लेखन नको आणि लेखक तर नकोतच. उरलेली पुस्तकं माळ्यावर चढवली आहेत. थेंब विसरू नकोस.

तुझा,
शालिग्राम

ता. क. १ : तो लाल दोरा दिपमालाच्या शिवणाच्या डब्यातला होता. मीच घातला होता. शेवटच्या प्रकरणात दिवा लागतो त्या पानाचं वर्णन मला स्वतःला फार आवडतं, निदान तेवढं पाहुण्यांच्या नजरेखालून जावं असं वाटलं. हे कालच आठवलं. रतिलालना कळवायची घाई नाही.

ता. क. २ : आता खरं काम. महिनाभर डोळे बांधून तू घरात होतीस. पेपर नाही, मोबाइल नाही, आणि मोहिनी पुस्तकांच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे खुनी कोण हे माहीत नसलेली अख्ख्या खान्देशात तू एकटी उरली आहेस. तुझी खोड ओळखून तुझ्या प्रतीतली शेवटची चौदा पानं मी ब्लेडने कापून घेतली आहेत. सावकाश वाच, कोणाला विचारू नकोस, आणि मंडळाच्या रीतीने चिठ्ठीवर नाव लिहून पाठव. चिठ्ठी आली की पानं पाठवतो. एवढं एक कर, अक्का. दुसरं काही मागत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता कपाटावर बघितलं तर ती चौदा पानं नाहीत. दिपमालाला विचारलं. ती म्हणाली, फाटक्या पुस्तकाचे सुटे कागद होते, बिबडे मोडू नयेत म्हणून मधे मधे घातले. ज्ञानेश्वर सकाळी सहालाच गेला. हे पत्र पोचेल तेव्हा बिबडे तळून झाले असतील, आणि नव्या डोळ्याने तुला बारीक अक्षरही दिसतं म्हणे. तसं झालं असेल तर फोन करू नकोस. चिठ्ठी मात्र पाठव. आधी एक नाव लिही, ते खोड आणि मग मुनिमाचं लिही. म्हणजे तू पुष्कळ विचार केलास आणि तरी चुकलीस, असं मला वाटेल.