मास्तरांच्या चौदा बाटल्या

प्रिय ढब्बू,

चाळिशीला टेकलेल्या मुलाला अशी हाक मारू नये म्हणतात. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, आत तरी माझी मर्जी चालू दे. गुडघा बरा आहे. तेलाचं दुकानही बरं चाललंय.

गेल्या हिवाळ्यात मात्र दुकानात तमाशाच झाला. शेजारच्या शिंपीणबाई पसरट पातेलं घेऊन आल्या. लिटरभर तेल ओतलं, तर जेमतेम तळ झाकला. भर रांगेत म्हणाल्या, "मापात मारता तुम्ही." तुझे बाबा गेल्यापासून अकरा वर्षं एकटीनं दुकान चालवतेय, असं कुणी बोललं नव्हतं. तेवढ्यात रांगेतले एक गृहस्थ पुढे आले. पातेल्यातलं तेल त्यांनी परत मापात ओतलं. माप काठापर्यंत भरलं. "तेल भांड्याचा आकार घेतं बाई, आकारमान तेवढंच राहतं," म्हणाले. शिंपीणबाई ओशाळल्या आणि अर्धा लिटर जास्त घेऊन गेल्या.

हे गृहस्थ म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. एकटेच राहतात. त्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी बाटली घेऊन हजर. थंडीत खोबरेल गोठून बाटलीत खाली बसलं, तर गिऱ्हाइकांना त्यांनीच समजावलं, की गोठताना ते आकसतं, कुणी काढून घेतलेलं नाही. आणि ते नरसाळं आठवतं? बाटलीच्या तोंडात घट्ट बसायचं, तेल वरच तुंबायचं आणि मग ओट्यावर सांडायचं. मास्तरांनी नरसाळ्याच्या कडेला एक काडी खोचली. "बाटली रिकामी नसते, आत हवा असते. तिला बाहेर पडायला वाट नको?" तेल सरसर उतरलं. तीस वर्षं मी बिचाऱ्या नरसाळ्याला शिव्या घातल्या.

मग आठ दिवस मास्तर दिसले नाहीत. तापानं पडलेत असं कळलं, म्हणून मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. फळीवर माझ्याच दुकानातल्या तेलाच्या चौदा बाटल्या ओळीनं उभ्या, एकही उघडलेली नाही. मी विचारलं, हे काय? भिंतीकडे बघत म्हणाले, "दुसरं निमित्त सुचलं नाही." मला इतकं हसू आलं, की खुर्ची ओढून बसावं लागलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

ढब्बू, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करतोय. विचारलं मीच; त्यांच्या भरवशावर राहिले असते तर आणखी चौदा बाटल्या गेल्या असत्या. तुझी परवानगी मागत नाही, वय उलटलं माझं. पण तू तोंड फिरवलंस तर त्या दिवशी माझ्याच्यानं नीट हसवणार नाही, हेही खरं. अर्जावर माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहिलंय, सध्या पेन्सिलनं. शाईनं गिरवू का, तेवढं कळव.

तुझीच,
आई