दुसरी वायर

प्रिय ठमे,

पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल. रोज फोनवर बोलणारा बाप कागदावर कशाला उतरला? फोनवर हे बोलायला गेलं की माझी जीभ अडते, म्हणून. तू ती नेटवर्कची नोकरी नाकारणार, सोमवारी तसं कळवणार, असं आई म्हणाली. माझ्या हातून चुका होतात, हे काम माझं नव्हे, असं तू तिला सांगितलंस म्हणे. तेव्हापासून मला घास गिळवत नाही.

परवा कॉलेजच्या वर्कशॉपपर्यंत फायबर टाकली. दोन वर्षांपूर्वी तू टेप घेऊन तेच अंतर मोजलं होतंस, एकशे तीस मीटर. तांब्याची वायर शंभराच्या पुढे दम सोडते, इथे फायबरच हवी, म्हणून माझ्याशी भांडलीस. मी म्हटलं, वायरी ओढून माझे केस पांढरे झालेत, तू मला शिकवू नकोस. आणि तांब्याचीच ओढली. इतके दिवस तिथलं नेट रडतच होतं, आता एकदाही तुटलं नाही. तुझंच खरं होतं. एवढं कबूल करायलाही मला दोन वर्षं लागली, म्हणजे बघ कसला बाप आहे तुझा.

पण जे मला खातंय ते हे नाही. त्याच कॉलेजातली ती परीक्षेची सकाळ. तळमजल्यावरचा नेटच्या वायरी जोडायचा डबा, म्हणजे स्विच, आणि वरच्या हॉलमधला स्विच तू एका वायरने जोडलेस. अडीअडचणीला असावी म्हणून दुसरीही ओढलीस, पण तिचं खालचं टोक मोकळं सोडलंस. साडेदहाला दोनशे मुलांचे स्क्रीन एकदम थिजले. दोन स्विचमध्ये दोन वायरी झाल्या की त्या साध्या डब्यांना ते आवरत नाही, माहिती गोल गोल फिरत बसते आणि सगळंच गुदमरतं. मी खालची एक वायर उपटली आणि स्क्रीन परत चालू झाले. प्राचार्यांनी विचारलं, हे कोणी केलं? मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, नवीन आहे, शिकतेय. तुझी मान खाली गेली. महिनाभरात तू माझी पकड पिशवीत परत ठेवलीस आणि कुठल्याशा दुकानात बिलं करायला बसलीस.

बाबा, मी ते टोक कधी लावलं, मला आठवतच नाही, असं तू तेव्हा आठवडाभर मला विचारत होतीस. मी मूग गिळून बसलो. तुला आठवणार कसं गं? ते मी लावलं होतं. तू वर होतीस, मला लोंबती वायर बघवेना. एकाला दोन असलेल्या बऱ्या म्हणून खोचली, तुला न विचारता. आज प्राचार्यांना जाऊन हे सांगून आलो. तिथे लाज वाटलीच, पण तुला तोंड कसं दाखवू, या लाजेपुढे ती काहीच नव्हे. सोमवारी नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. फक्त माझी चूक स्वतःची समजून म्हणू नकोस.

तुझाच, आज स्वतःला बाप म्हणवतानाही ओशाळलेला,
बाबा