नदीपलीकडचं ठाणं

बाबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता वर्ध्याला सायबर शाखेत आहे. तुमच्या वेळी ही शाखा नव्हती. आताचा चोर घरात शिरत नाही, फोनमध्ये शिरतो, आणि बहुतेक वेळा तो या देशातही नसतो.

तुम्ही आर्वीच्या ठाण्यात हवालदार होतात, तेव्हाचा एक दिवस मला सारखा आठवतो. कोणाची तरी बैलजोडी चोरीला गेली होती आणि माग वर्धा नदीपर्यंत जाऊन थांबला होता. पलीकडे अमरावती जिल्हा, दुसऱ्या साहेबांची हद्द. वरून पत्र येऊ द्या, मग बघू, असं ठाण्यात सगळे म्हणत होते. आई चुलीवर भाकर टाकते आहे, तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसून पायमोजे चढवताय. "पत्र येईपर्यंत बैल थांबून राह्यते काय?" एवढंच म्हणता आणि सायकल काढता. पलीकडच्या हवालदाराला तुम्ही जयभीम घातलात, त्याच्याबरोबर चहा प्यायलात, दोघं मिळून बाजारात गेलात आणि दिवस मावळायच्या आत बैल परत आणलेत. कागद मागाहून झाले. मी फौजदार झाले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी बूट आणलेत, मापापेक्षा थोडे मोठेच. उभं राहून पाय सुजतात, म्हणालात. खरंच सुजतात.

मला मध्यंतरी परदेशात प्रशिक्षणाला पाठवलं होतं. देशोदेशीचे पोलीस एका वर्गात. शिकवणारी बाई सांगायची, फोनमधला पुरावा धुरासारखा असतो, म्हणून आधी समोरच्या देशाला तो जपून ठेवायला सांगा, मग रीतसर कागद पाठवा. माझ्या शेजारी पूर्वेकडच्या एका देशाचा अधिकारी बसायचा. मी नेलेली जवसाची चटणी त्याला आवडली. त्याने मला त्याच्या मुलींचे फोटो दाखवले, मी त्याला माझ्या मुलीचा. निघताना म्हणाला, काही लागलं तर थेट मला फोन कर. मला तुमचा तो पलीकडचा हवालदार आठवला. हे जमेल, असं मला मनापासून वाटलं होतं.

परत आल्यावर पवनारच्या एक निवृत्त नर्सबाई माझ्याकडे आल्या. एकट्या राहतात. पोलिसाचा गणवेश घातलेल्या माणसाने त्यांना फोनवर चेहरा दाखवून सांगितलं होतं की तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. बाई संडासला जायचं असलं तरी परवानगी मागत होत्या. जन्मभराची पुंजी गेली, पण त्याबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. सगळे हिंदीत दरडावत होते म्हणाल्या, पण त्यांना भोवळ आली तेव्हा दुसरा एक जण हळूच आपल्या बोलीत बोलला, आणि नंतर त्यानेच एक निरोप रेकॉर्ड करून पाठवला. तो त्यांनी मला ऐकवला. "आई, पानी पेऊन घ्या. गोळी घेतली का नाई?"

आर्वीच्या एका घरचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बाहेरदेशी गेला होता आणि त्याचा फोन बंद झाला होता. त्याच्या आईची तक्रार आमच्याकडे पडून होती. बोली तिकडचीच वाटली म्हणून मी तिला बोलावून तो निरोप ऐकवला. ती हसली, बाबा. "माह्याच पोराचा आवाज हाये," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुन्हा लाव, पुन्हा लाव, असं सांगत राहिली. मग मी तिला सांगितलं की अशा पोरांचे पासपोर्ट काढून घेतात, एका इमारतीत कोंडतात आणि मारून मारून लोकांना फसवायला लावतात. पदर तोंडावरून खाली आला. मग तिने विचारलं, "जेवाले देत असन ना त्याले?"

मला शिकवलं होतं तसंच मी सगळं केलं. पुरावा जपून ठेवायची विनंती त्याच दिवशी गेली. इमारत वर्गातल्या माझ्या त्या शेजाऱ्याच्याच देशात होती; कोणत्या गावात तेही कळलं. रीतसर पत्र मुंबईहून दिल्लीला गेलं, दिल्लीहून पुढे, आणि भाषांतरावर एक शिक्का नाही म्हणून परत आलं. मी त्या मित्राला फोन केला. त्याने लगेच उचलला, माझी मुलगी कशी आहे विचारलं, आणि मग म्हणाला की तो भाग त्याच्या दलाकडे नाही, कागदाशिवाय तिथलं दार त्याला उघडता येणार नाही. त्याचा आवाज शरमलेला होता. तोही कोणाच्या तरी हाताखालीच आहे.

कागद पोचला तेव्हा इमारत रिकामी होती. मित्राने मला फोटो पाठवला: खुर्च्यांच्या रांगा, लोंबणाऱ्या वायरी, भिंतीवर अडकवलेला पोलिसाचा खोटा सदरा. माणसांना नदीपार दुसऱ्या देशात हलवलं होतं. तिथेही नदीच होती, बाबा, आणि पलीकडच्या ठाण्यात आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

मुलाचा पत्ता लागला नाही. नर्सबाई आता कोणाचाच फोन उचलत नाहीत, सख्ख्या बहिणीचाही. शेवटच्या भेटीत त्या मला म्हणाल्या, "सापडला तं त्याले मारू नका." सापडला तर आमच्या कागदावर तो आरोपीच असेल, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याची आई बाजाराच्या दिवशी एसटीने येते, आमच्या कचेरीतल्या बाकावर बसते. चहा पिते आणि परतीची गाडी धरते. तिला पाहिलं की मला वाटतं, तुमचे बूट मला अजून मोठेच होतात. पण तेही खरं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीसुद्धा असेच बसून राहिला असतात, आणि हे मला जास्त लागतं.

हे पत्र कुठे पाठवता येत नाही, ते बरंच आहे. उद्यापासून नव्या फौजदारांचा वर्ग आहे आणि परदेशात शिकून आले म्हणून तो मलाच घ्यायचा आहे. पुरावा जपायला सांगा, कागद पाठवा, ओळखी ठेवा, हेच मी शिकवणार. कोणीतरी पोरगी हात वर करून विचारेल, मॅडम, यानं माणूस सापडते का? मी हो म्हणणार आहे, बाबा.