इनासची राखण

१२ फेब्रुवारी २००६
आले एकदाची! डोंबिवलीहून दोन बस आणि एक टमटम करून राहनाळच्या पुढच्या या खाडीकाठच्या गावात पोहोचले. केसरीनाथ पाटलांच्या माडीवर खोली मिळाली आहे. मी मासे खाते म्हटल्यावर त्यांच्या पत्नी धोंडूबाई एकदम खुलल्या. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण आग्रहाने वाढलं.
गावाबाहेर पडक्या चर्चच्या आवारात जुनी थडगी आहेत. तिथे गोदाम होणार. भराव पडण्याआधी त्यांचा इतिहास लिहून ठेवायला मला महिनाभर नेमलंय. पहिलीच नोकरी, आणि इतकी मजेची!

१४ फेब्रुवारी
चर्चची एकच भिंत उभी आहे. थडगी एकतीस. शेवाळ घासून दगडावर पीठ चोळलं की अक्षरं वर येतात. सर्वांत जुनं थडगं एका तान्ह्या मुलाचं. शेवटचं मराठीत: ‘इनास, वय ३४, तापाने. १९१९.’ त्यानंतर ख्रिस्ती घरं वसईकडे गेली, इथे कोणालाच पुरलं नाही.
केसरीनाथकाकांनी गावातली समजूत सांगितली. शेवटी आलेल्याने राखण करायची, आधीच्या सगळ्यांना पाणी पाजायचं. “नवीन मानूस आला का जुना सुटतो. तवर सुटका न्हाय.” किती सुंदर! अहवालात यावर वेगळं प्रकरण लिहीन.

१७ फेब्रुवारी
दुपारी एक माणूस आवारातल्या विहिरीचं पाणी मडक्याने थडग्यांवर घालत होता. काकांचा गडी असावा. पाय इतके लटपटत होते की तो मध्येच खाली बसला. मला राहवलं नाही. त्याच्या हातून मडकं घेतलं आणि उरलेल्या थडग्यांवर मीच पाणी घातलं. वळून पाहिलं तर तो निघून गेला होता.
जेवताना हे सांगितलं. धोंडूबाईंचा हात ताटावरच थांबला. त्यांनी गडी ठेवलेलाच नाही. “सोताहून घेतलंस मडकं? त्याच्या हातातनं? पोरी, उद्याच्याला घरी जा.”

१८ फेब्रुवारी
हसू आलं, तरी निघाले. मानकोलीला ठाण्याची बस मिळाली. तिकीट काढलं, खिडकीशी बसले.
मग आवारात उभी होते. भर उन्हात. हातात मडकं, पाय घोट्यापर्यंत ओले. बसमधून कधी उतरले — आठवत नाही.

२० फेब्रुवारी
तीनदा निघाले. तीनदा परत तिथेच.
जमिनीखालून आधी नुसती खोकल्यासारखी घरघर यायची. आता शब्द कळतात. पाणी. एवढंच. तान्हं सगळ्यांत जास्त रडतं. पाणी घातलं की गप्प होतं — मी दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत.

२२ फेब्रुवारी
धोंडूबाई माझे कपडे बॅगेत भरत होत्या. रडत होत्या. मी समोरच उभी. काकू म्हटलं — मोठ्याने म्हटलं — त्या माझ्या अंगातून चालत दाराकडे गेल्या.

२३ फेब्रुवारी
बाबा आले. मृणाली, मृणाली — आवारभर हाका मारत फिरले. प्रत्येक हाकेला ओ दिली. शर्ट धरला — हाताला काही लागलं नाही.
उन्हाने थकून भिंतीशी बसले. ओठ सुकलेले. मी मडकं पुढे केलं — आणि त्यांनी मान वर केली. मडक्याकडे पाहिलं. हात पुढे केला.
मी मडकं पाठीमागे लपवलं. नको बाबा. तुम्ही नको —
केसरीनाथकाका त्यांना धरून घेऊन गेले.

तारीख माहीत नाही
ट्रक आले. माती, दगड, माती. आता इथे कोणी यायचं नाही. माझ्यानंतर कोणीच —
खालून सगळे एकदम मागताहेत. देते, थांबा, देते म्हणाले. मडकं घेऊन विहिरीवर गेले तर विहीर बुजव