धुळ्याच्या पुढचा रूळ

कर्र, कर्र, कर्र. रथाच्या यात्रेत वडिलांनी घेऊन दिलेल्या पत्र्याच्या इंजिनाला चावी देतानाचा हा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात इंजिन नाही.

तर नमुन्याप्रमाणे : मी, अभिमन तोताराम महाजन, राहणार जळगाव, धंदा पूर्वी धरणगावच्या जिनिंगमध्ये कारकुनी व हल्ली काही नाही, माझी अक्कल पहिल्यापासून जेवढी होती तेवढी शाबूत असताना, कोणी दम दिलेला नसताना, माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे म्हणून लिहून ठेवतो.

१. राहते घर मुलगा चुडामण यास. वरच्या खोलीत त्याला टायपिंगचा क्लास काढायचा आहे. "आबा, त्या खेळण्याचं काय करायचं ते एकदा सांगून टाका, नाहीतर मी वखारीत देतो," असे तो दिवाळीत म्हणाला. खेळणे म्हणजे त्या खोलीत मांडलेली माझी रेल्वे. या वाक्यामुळेच हा कागद लिहिणे आले. एरवी माझ्यापाशी वाटण्यासारखे आहे काय?

२. बँकेतली शिल्लक सून लताबाई हिला. तिने माझा खोकला आणि माझे कवितापाठ दोन्ही सोसले. शाळेतली कवितांची पुस्तके कोणालाच नकोत, हे ठाऊक आहे. ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावीत. वर कोणी म्हणायला उभे केले, तर ऐनवेळी चरण विसरायला नको.

३. करवत, कातर, पत्र्याला डाग द्यायची कैया ही हत्यारे शेजारी पितांबर यास. तो जळगाव-धुळे एसटीवर कंडक्टर आहे. हत्यारांतली पकड मूळची त्याचीच.

४. आता रेल्वे. या विषयात माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. काही नाही. मी आयुष्यात तीनच मांडण्या नीट पाहिल्या, त्यांतली एक माझी.

पहिली भुसावळच्या एका रिटायर गार्डसाहेबांची, काचेच्या पेटीत. सिग्नल, सांधे, पाट्या, सगळे बिनचूक. पण फलाटावर माणूस नाही. बठ्ठेच्या बठ्ठे गाव संपावर गेल्यासारखे. दुसरी माझा शालक गिरधर याची, धुळ्याला, कापडदुकानाच्या मागच्या खोलीत. चाळीसगावहून गाडी निघते, धुळ्याला येते आणि थांबते. पुढे रूळच नाही. इंजिन हाताने उचलून फिरवावे लागते. खरे धुळेही तसेच आहे. ती गाडी येऊन उभी राहिली की खोलीतली माणसे आपोआप गप्प होत. ती माझ्या मांडणीपेक्षा चांगली आहे. हे मी जिवंतपणी बोललो नसतो.

तिसरी माझी. धरणगावच्या सरकीतून वेचलेल्या कापसाचा धूर, यावलची केळी म्हणून हिरव्या रंगवलेल्या आगकाड्या, गोणपाटाचा सातपुडा. गाडी भुजंगप्रयाताच्या चालीवर चालते असे मी पाहुण्यांना सांगत असे. पाहुणे चहा पीत. जळगावच्या फलाटावर एक चिंधीची बाई बोचके घेऊन उभी आहे. ती माझी पत्नी कमलबाई हिने स्वतः शिवली. माझ्या मते मांडणी मोठी होते ती गाडीने नाही. फलाटावरच्या माणसाला गाडी येईल असे वाटले पाहिजे, एवढेच.

कमलबाईचे माहेर धुळ्याचे. दर खेपेला चाळीसगावला गाडी बदलायची. ती एकदा मला म्हणाली, "एवढा रूळ टाकता, तर धुळ्याहून सरळ घरी आणा ना मला. बोचकं घेऊन उतरायचा कंटाळा येतो." म्हणून मी सातपुड्याच्या आडून धुळे-जळगाव असा रूळ टाकला, जो सरकारने टाकलेला नाही.

५. तंटा. त्या रुळावरूनच गिरधर चार लोकांत हसला. "धुळ्याना पुढे गाडी जास का, दाजी? तुम्ही रेल्वे बोर्ड शेतस का?" मीही म्हणालो की, ज्याला पुढचे दिसत नाही त्याने कापडच मोजावे. तेव्हापासून बोलणे बंद. कमलबाई गेली तेव्हा तो आला, सगळे दिवस राहिला, पण वर माडीवर चढला नाही. तो रूळ त्याच्या बहिणीने मागितला होता, हे मी त्याला सांगितले नाही. आमच्यात अबोला धरला की खुलासा करत नाहीत. खुलासा केला तर अबोला कसला?

पुढे त्या धुळे-जळगाव रुळातला वळणाचा तुकडा चिरला. आता माझी गाडीही धुळ्याला येऊन गपकन थांबते, आणि गिरधर न येताच जिंकला. आम्ही दोघांनी रुळांच्या पेट्या एकाच दुकानातून घेतल्या होत्या. त्याच्या पेटीतले वळणाचे तुकडे कोरे पडून असतील. त्याला धुळ्याच्या पुढे जायचेच नव्हते.

तरी सर्व रेल्वे, चिंधीच्या बाईसह, गिरधर नथ्थू माळी, राहणार धुळे, यास द्यावी. तो हसेल, पण वखारीत देणार नाही. त्याने नेली नाही, तर चुडामणने फक्त ती बाई ठेवून घ्यावी.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहिले, वाचले, दोनदा नाक शिंकरले व सही केली.

जळगाव, दि. ८ डिसेंबर १९९१
अभिमन तोताराम महाजन

साक्षीदार
१) पितांबर (शेजारी). काल कच्चा मसुदा वाचून चष्मा पुसत बसला होता. आज ड्यूटीवर जाण्याआधी सही करून गेला. दुसरा साक्षीदार मीच संध्याकाळी घेऊन येतो, म्हणाला.
२)

ताजा कलम : दुसरी जागा कोरी राहिली आहे, ती अशी. आत्ता कडी वाजली. पितांबरच्या मागे गिरधर उभा आहे. केस सगळे पांढरे. वकिलांनी बजावले आहे की, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये. एवढे पितांबरला कळायला हवे होते; हत्यारांपायी त्याचीही सही बाद, हे मलाही. मी तसे म्हणणार, तेवढ्यात गिरधरने पिशवीतून रुळाचा तुकडा काढून या कागदावर ठेवला. वळणाचा आहे.

"चला वर, दाजी," तो म्हणतो. "धुळ्याना पुढे काय शे, दखाडा."