विहीणबाईंनी नाव विचारलं

१२ जुलै, शनिवार
स्पॅनिशच्या वर्गाचा दुसरा आठवडा. पहिल्या बाकावर बसले. मागे बसलं तर फळा दिसत नाही, पुढे बसलं तर मॅडमना आधी मीच दिसते. बाकी सगळी विशीतली. जुई नावाची एक मुलगी म्हणाली, "काकू, कुणाला सोडायला आलात?" म्हटलं, "मलाच." हसली. चांगली आहे.

आज शिकलो: ओला, म्हणजे नमस्कार. मे यामो. म्हणजे माझं नाव अमुक. माझं नाव सांगितलं. स्वतःचं नाव असं मोठ्याने सांगायची वेळ तरी कधी येते? रेश्माची आई, मास्तरांची बायको, यातच सगळं गेलं.

घरी येईपर्यंत अंधारलं. सापगावच्या वळणावर उतरले तेव्हा आवणात, भाताच्या खाचरांत, पाणी चकाकत होतं. जेवायचा कंटाळा. पेज घेतली.

१३ जुलै
रेश्माचा फोन. सहावा लागला. डॉक्टर विमान नको म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तर आता होत नाही. मग माहेरानेच उठून स्पेनला जायचं, दुसरं काय.

पण ती म्हणते ते खरंच आहे. "आई, आम्ही दोघं कामावर. दिवसभर घरात तू आणि पिलार. माझ्या सासूला तिची भाषा सोडून एक शब्द येत नाही. दोघी मुक्यासारख्या बसाल. आठ दिवसांत तू म्हणशील, तिकीट काढ. त्यापेक्षा थोडं शिकून ये. नाहीतर नको येऊस."

शेवटचं वाक्य लागलं. पोटुशी बाई चिडकी होते, हे मला कळतं. तरी लागलं.

२० जुलै
बेणणीला, भातातलं तण काढायला, धाकटी जाऊ कमळ आली होती. बांधावर मी शब्द पाठ करत होते. पान, आग्वा, लेचे. भाकरी, पाणी, दूध. कमळ म्हणते, "बाई, म्हशीला शिकवताव काय? तिला मराठी तरी कुठं येतंय!" हसून हसून वाकली.

तिला काय सांगू. मी सातवी होऊन या घरी आले. पुढचं सगळं ह्यांच्या एसटीच्या तिकिटांच्या पेटीतून आलं. शहापूरच्या वाचनालयातलं पुस्तक पेटीत, तिकिटांच्या गठ्ठ्याखाली. गाडी मुक्कामी लावून आले की आधी पेटी माझ्यापुढे ठेवायचे, मग चपला काढायचे. दहावी, बारावी बाहेरून दिली ती त्याच जोरावर. ती बारावी नसती तर विद्यापीठाने या वर्गाला घेतलं नसतं. ह्यांना हे कळायला हवं होतं. जाऊन तीन वर्षं झाली, अजून काही झालं की वाटतं, संध्याकाळी सांगू.

२६ जुलै, शनिवार
आज लाज गेली.

कुटुंबाची ओळख. एकेकाने उठून सांगायचं. माझ्या वडिलांचं नाव, माझ्या आईचं नाव. मॅडम मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही मिस्टरांचं सांगा." मि मारिदो से यामा... इथवर आले. पुढे तोंड बंद.

जुईला वाटलं वाक्य विसरले. ती मागून तेच वाक्य पुटपुटत होती. वाक्य येत होतं गं. नाव घेता येत नव्हतं.

ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. लग्नात घेतलं, हळदीकुंकवाला घेतलं, सगळ्यांनी दार अडवलं तेव्हा घेतलं. आता मला कोण म्हणतंय, नाव घे? नवरा गेल्यावर बाईचा उखाणाही जातो. कुणी मुद्दाम काढून घेत नाही, नुसतं विचारायचं थांबतात.

शेवटी म्हटलं, "मास्तर." कंडक्टरला सगळा डेपो मास्तरच म्हणतो. मॅडम खूश. "शिक्षक होते? मग प्रोफेसोर!" फळ्यावर लिहिलं पण. मी पुसा म्हटलं नाही. तिकिटं फाडणारा माणूस स्पेनच्या भाषेत प्रोफेसर झाला. ह्यांना ऐकवलं असतं तर पोट धरून हसले असते.

९ ऑगस्ट, राखी
दादा आला. मुरबाडहून जीप, पुढे एसटी, हातात काकड्यांची पिशवी. राखी बांधून घेतली आणि सुरू.

"तर मग दिगंबरराव कसे हायत?" जावयाचं नाव दिएगो. दादाने पहिल्या दिवसापासून त्याचा दिगंबर केलाय.

"बरे आहेत."

"आमच्या मुरबाडला आगीनगाडी अजून यायची हाय, आन तू चाललीस इमानात! कापणी कोण करील? भात उभं ठेवून जाशील?"

"बाळ कापणी बघून येतं का, दादा?"

"तसं नाय गो. तिथं एकटी पडलीस तं? आजारी पडलीस तं? कोनाला काय सांगशील?"

"तेच तर शिकतेय."

त्याने पिशवीत हात घातला. काकडी सोलून खात राहिला. जाताना चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता: "कापणीला मी पोरं घेऊन येतो. तू नको बघू."

म्हणजे दादाने सोडलं. आता व्हिसाचं बघायचं. आणि माझ्या तोंडाचं.

१७ ऑगस्ट, रविवार
आज पहिल्यांदा विहीणबाईंशी एकटी बोलले. म्हणजे फोनवर, चित्र दिसत होतं. रेश्मा बाजारात होती, दिएगोने फोन लावून आईच्या हातात दिला आणि तो बाहेर गेला.

पिलारबाई ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, हाताला माती. आल्या आल्या वाफ्यातला टोमॅटो दाखवला. मी आपलं भात दाखवलं, खिडकीतून. त्या "ओ, ओ" करत राहिल्या. मी म्हटलं, अर्रोस. भात. दोघींना एवढा आनंद झाला की विचारू नका.

त्याही एकट्या. भिंतीवरचा फोटो दाखवला. "मि मारिदो. एउखेनियो." बोट ओठांना लावून फोटोला लावलं. किती सहज नाव घेतलं. मग मला विचारलं, "इ तू मारिदो? कोमो से यामाबा?" तुमच्या ह्यांचं नाव काय होतं.

कळलं मला. मी मान खाली घातली. नो म्हटलं. त्यांनी परत विचारलं. नो, नो. हात हलवला, तोंडाला पदर लावला. आपल्याकडे कुठल्याही बाईला कळलं असतं. त्याही थांबल्या. छातीवर हात ठेवला, हळूच काहीतरी बोलल्या. वाटलं, कळलं त्यांना. बायकांना कळतंच.

छान गेला दिवस. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२१ ऑगस्ट
रेश्माचा फोन, भलत्या वेळी. आवाज बसलेला.

"आई, खरं सांग. बाबा तुला मारायचे का?"

मला कळेचना. म्हटलं, "काय बोलतेस?"

पिलारबाईंनी मुलाला सांगितलंय: बिचारीला नवऱ्याचं नाव काढलं तरी सहन होत नाही. केवढा छळ केला असेल त्या माणसाने. तिच्यासमोर त्याचा विषय कुणी काढू नका. आणि दुसरं म्हणजे, मुलगा झाला तर एउखेनियोच्या जोडीला बाबांचं नाव द्यायचं, असं रेश्मा आणि जावयांनी मनात धरलं होतं. मला सांगितलं नव्हतं. पिलारबाई म्हणतात, नको, त्या बाईला दर हाकेला तो आठवायला नको.

"अगं, आपल्यात घेत नाहीत नाव."

"मला माहितीय! मी सांगितलं तिला. ती म्हणते, मुली आईचं झाकतातच."

 मग म्हणाली, "पण आई, मलाही आठवत नाही तू कधी घेतलेलं. मी लहान होते तेव्हा... मला काही माहीत नाही असं काही होतं का?"

पोटच्या मुलीने विचारलं. ज्या माणसाने मला कधी अगं म्हणूनही जोरात हाक मारली नाही, त्याच्याबद्दल.

"तूच सांग तिला. तुझ्या तोंडून," म्हणाली.

दिवसभर घरात फेऱ्या मारतेय. चूल पेटवली, विझली, परत पेटवली. मी मान राखायला गप्प बसले आणि माझ्या गप्प बसण्याने ह्यांची अब्रू गेली. तीही परक्या मुलखात, जिथे त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
मॅडमना थांबवलं. सगळं सांगितलं नाही, शब्द मागितले. प्रथा. मान. गाव. चांगला माणूस. मॅडमनी खाली बसून वाक्यं करून दिली, चार-चारदा म्हणवून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते शिक्षक नव्हते?" म्हटलं, "कंडक्टर." त्या खूप हसल्या, मग डोळे पुसले. काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे.

जुई म्हणते, "काकू, वाक्यंबिक्यं कशाला? सरळ नाव घेऊन टाका ना." तिला सोपं आहे. ती नवऱ्याला अरे म्हणेल.

पण बरोबर तीच आहे. कितीही वाक्यं म्हटली तरी नावाशी येऊन थांबले, तर पिलारबाईंना परत तेच वाटणार.

२४ ऑगस्ट
फोन झाला नाही. त्या बहिणीकडे गेल्यात. पुढच्या रविवारीही तिकडेच. दोन आठवडे हे असं डोक्यात घेऊन राहायचं.

३ सप्टेंबर
गणपती, गौरी गेल्या. कमळच्याच घरी होते सगळे दिवस. कामात बरं वाटतं. हात थांबले की परत तेच.

सकाळी आवणावर गेले. आजूबाजूला कुणी नाही बघून नाव घेऊन पाहिलं. पहिल्यांदा नुसता वारा आला तोंडातून. मग घेतलं. उखाण्याशिवाय, मागेपुढे काही नाही, नुसतं नाव. उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. परत घेतलं, मोठ्याने.

कमळ बांधावरून धावत आली, पायात चिखल, हातात विळा. "बाई! कोनाला हाक मारताव? बरं हाय ना?" चेहरा पांढरा पडलेला. तिला वाटलं, मला लागिर झालं.

सांगितलं सगळं. स्पेनमध्ये काय समजलेत ते पण. तिने विळा आपटला. "भावजींना? मारकुटे? ज्यांनी कुत्र्याला दगड नाय मारला कंदी?" मग माझ्या शेजारी बांधावर बसली. जरा वेळाने म्हणाली, "परत घ्या ना. आमी समदी मास्तरच म्हणायचो. मला पण ऐकायचंय."

घेतलं. दोघी रडलो. मग ती म्हणे, "त्या इहिणीसमोर आसंच घ्या. रडू नका फक्त. नाय तं परत म्हनल, मारलंच आसंल."

७ सप्टेंबर, रविवार
झालं.

रेश्मा पिलारबाईंच्या शेजारी बसायला तयार होती. मी म्हटलं, नको, तू आत जा. झाकतेस म्हणतील.

पिलारबाई मला बघून नुसत्या हळू हळू मान हलवत होत्या, आजाऱ्याला भेटायला आल्यासारख्या. मी वाक्य सुरू केलं. एन मि प्वेब्लो, माझ्या गावात, बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पोर रेस्पेतो. मानाने. मि मारिदो, चांगला माणूस. मुय ब्वेनो. तिकिटाच्या पेटीत माझ्यासाठी पुस्तकं आणायचा. हे शेवटचं मॅडमनी दिलेलं नव्हतं, माझं मीच जुळवलं, चुकलंही असेल.

 मी पुढे म्हटलं, मि मारिदो से यामाबा... आणि घेतलं नाव.

त्यांनी म्हणून पाहिलं. असलं वाकडं म्हटलं की ह्यांनी ओ दिली नसती. मी मान हलवली, नीट घेतलं. त्यांनी परत म्हटलं, परत वाकडं. मी परत. त्या चष्मा लावून माझ्या ओठांकडे बघत होत्या. सगळ्या आयुष्यात घेतलं नसेल इतक्यांदा आज घेतलं. शेवटी जवळपास जमलं त्यांना.

मग उठल्या. फोन हातात धरून भिंतीशी गेल्या, फोटोसमोर धरला आणि म्हणाल्या, "एउखेनियो," आणि मग ह्यांचं नाव. दोघांची ओळख करून दिली. मी इकडून त्या फोटोला नमस्कार केला.

कमळने सांगितलेलं पाळलं. फोन ठेवल्यावर रडले.

१४ सप्टेंबर, रविवार
पितरांचं पान झालं. भटजींनी दिराकडून नाव वदवून घेतलं. दरवर्षी मागे बसून ऐकते. यंदा माझेही ओठ हलले. कमळने बघितलं.

व्हिसाचं अजून काही नाही. तोंडी परीक्षा पुढच्या शनिवारी. रेश्माचे पाय सुजलेत. डिंक आणून ठेवलाय, अळीव, सुंठ. लाडू केले आणि व्हिसा नाही आला तर कुणी खायचे? नाही केले आणि आला तर?

दुपारी तिचा फोन. "आई, पिलार रोज वाफ्यात बाबांचं नाव घोकते. चुकीचंच घोकतेय. आणि मुलगी झाली तर गं?"

म्हटलं, "मुलगी झाली तरी तिला आजोबांचं नाव नीट सांगायला कुणीतरी पाहिजेच ना तिथे?"

 मग म्हणाली, "लाडू कर."

डिंक उन्हात घातलाय. आभाळ आलंय, सारखी उठून बघतेय.