आई, तू सकाळीच मत देऊन गेलीस

करंजाडे, पनवेल

प्रिय आई,

तुला जाऊन चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही. काल तू मत दिलंस, म्हणून लिहिते आहे.

ग्रामपंचायतीचं मतदान होतं. माझं नाव अजून गावच्या यादीतच आहे, तुझ्या नावाखाली. केंद्रावरच्या बाई यादीवर पट्टी सरकवत होत्या. तुझ्या नावाखाली रेघ ओढलेली दिसली.

"हे काय?"

"तुमच्या आई ना? त्या सकाळीच येऊन गेल्या."

मी बोटाला शाई लावून घेतली, बटण दाबलं, बाहेर आले.

दादा मांडवात चिठ्ठ्या वाटत होता. विचारलं तर हसला. "तुझ्या वहिनीला पाठवली. आत सगळी आपलीच माणसं हायत. मत वाया कशाला घालवायचा? आई असती तरी आपल्यालाच दिला असता."

वहिनी दोन्ही हात पदराखाली धरून बसली होती. नंतर तिने चहा आणला. मी प्यायले. आज त्या चहाचीही किळस येते.

तू दादाच्या माणसांनाच दिलं असतंस का गं?

मी सातवीत होते तेव्हाचं मतदान आठव. जागा बायकांसाठी राखीव, पण उमेदवार पुरुषांनी ठरवली होती. तरी मासळी विकणारी हिराबाई उभी राहिली. आदल्या दिवशी अप्पांनी घरातल्या बायकांना ओटीवर बसवून शिक्का कुठे मारायचा ते दाखवलं. मोजणीत हिराबाईला दोन मतं पडली. एक तिचं स्वतःचं. दुसरं कुणाचं, म्हणून गावातला प्रत्येक नवरा आपल्या बायकोला दटावत होता, अप्पाही तुला. ते मत तुझं नाही, अशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस.

आठवडाभर मला वाटत होतं, शपथ खोटी असली तर आपण मरणार. मग भांडी घासताना तू म्हणालीस, "मीच दिला गो. झाला काय तुला?"

शपथेला माझंच डोकं का? आणि पुढे दर वेळी अप्पा सांगतील तिथेच का? मी कधी विचारलं नाही. आता विचारायला तोंड नाही. काल मला तर दटावणारंही कुणी नव्हतं, तरी मी निमूट मत देऊन आले.

आज दादाला फोन केला. म्हटलं, तक्रार करते आणि आईचं नाव यादीतून काढायचा अर्ज देते.

"येडी हायस काय? वहिनी अडकेल तुझी. आणि नाव राहू दे ना, कामाला येतंय."

कामाला! जिवंतपणी आलीस तेवढं पुरलं नाही?

वहिनी अडकेल, हे खरं आहे. म्हणून तक्रारीत तिला पाठवणाऱ्याचं नाव आधी लिहीन. उद्या कचेरीत जाते. अर्जाला तुझा मृत्यूचा दाखला जोडीन. तू तुझ्या मनाने दिलेलं मत एकच, हिराबाईला. तुझ्या नावावर आता आणखी एकही पडू देणार नाही.

खोट्या शपथेनंतरही जिवंत असलेली,
तुझी मंदा